बिरनाळ्यांची खिडकी

"आज मुहूर्त नाही म्हणाला होतात," पद्मजा बेडरूमच्या दारात उभी राहून म्हणाली. गालावर अभ्र्याची घडी उमटली होती आणि डोळे रात्रपाळीचे होते.

"पंचांगात नाहीये. मी दोनदा बघितलं."

"मग मागे काय वाजतंय?"

मागे बँड वाजत होता. ते तिलाही कळत होतं, मलाही कळत होतं, आणि अर्ध्या सांगलीला कळत असावं.

"काढीव मुहूर्त असेल," मी म्हणालो.

"काढीव मुहूर्ताला एवढा बँड?"

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. देवाधर्माशी माझा संबंध सुट्ट्यांपुरता. पण आमच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत शेडबाळ्यांनी मंगल कार्यालय बांधलं आणि मी पंचांग वाचायला शिकलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लग्नाच्या तारखांना मी लाल गोल करत असे. पद्मजा ते बघून आपली झोप ठरवायची. चातुर्मास लागला की आमच्या घरात सण असे. ज्या वर्षी अधिक महिना आला, त्या वर्षी पेढे वाटायचेच काय ते राहिले. तुळशीच्या लग्नाला शेजारी फटाके उडवत आणि आम्ही दोघं तोंड पाडून उसाची कांडकी चघळत बसायचो.

पद्मजा मिरजेला एका मोठ्या रुग्णालयात आयसीयूत नर्स होती. पाळी कायमची रात्रीची. सकाळी घरी यायची, अंघोळ करून दोन घास खायची आणि आडवी व्हायची. साधारण त्याच सुमाराला नवरदेव घोड्यावर चढायचा. वरात येऊन थांबायची जागा नेमकी आमच्या बेडरूमखाली, कुंपणाच्या भिंतीला लागून होती.

त्या दिवशी ती पुन्हा आत गेली नाही. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्हाला एक सांगायचंय. ओरडू नका."

"मी कधी ओरडलोय?"

"परवा पहाटे माझ्या हातात भलतंच इंजेक्शन होतं. बेडपाशी पोचले होते. बरोबरच्या पोरीनं मनगट धरलं." तिनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "कुणाला काही झालं नाही. पण मेट्रननं बोलावून घेतलं. म्हणाल्या, पद्मजा, पुन्हा असं झालं तर तुला आयसीयूत ठेवता येणार नाही मला."

आयसीयू हे तिचं काय होतं हे मला शब्दांत सांगता येणार नाही. इतर बायका माहेरचं सांगतात तशी ती तिथलं सांगायची.

"आपण खिडक्या बदलूया," ती म्हणाली. "आमच्या दमयंतीनं बसवल्यात, हायवेला घर आहे तिचं. दोन काचा असतात, मधे पोकळी. या आपल्या सरकत्या आहेत ना, यांना फटी राहतात. त्या दारासारख्या उघडतात आणि घट्ट दाबून बसतात. ट्रक गेलेला कळत नाही म्हणे."

"म्हणजे आवाज त्यांचा आणि काच आपण लावायची?"

"हो."

"उद्या ते धूर सोडतील. मग आपण नाकात बोळे घालायचे?"

"अहो, मला झोप हवीय."

"झोप हा तुझा हक्क आहे, पद्मा."

"मला हक्क नकोय. झोप हवीय."

मी तिला नीट समजावून सांगितलं. अन्याय सहन करणाऱ्यानं स्वतःच्या घराला काच लावून घेणं म्हणजे अन्यायाला मान्यता देणं, वगैरे. बारावीच्या वर्गात हा मुद्दा चांगला उठायचा. पद्मजानं तो उभ्याउभ्या ऐकला, आतून सतरंजी आणली आणि मिक्सरच्या टेबलाखाली डोकं सारून फरशीवरच पडली.

त्याच संध्याकाळी मी खालच्या मजल्यावर शशिकांत बिरनाळेकडे गेलो. शशी हळदीचा अडत्या. त्याच्या वडिलांच्या काळी हळदीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. वरून दोघं हवापाण्याचं बोलत आणि खाली सौदा होई. शशी हे सांगताना फार रंगायचा. इमारतीत राहायला आलो तेव्हापासूनचा माझा हा मित्र. त्याची बेडरूम आमच्या बरोबर खाली, म्हणजे बँडला आणखी एक मजला जवळ.

"मास्तर, आता बास झालं," माझं ऐकून तो म्हणाला. "तू लिही, मी बोलतो. शेडबाळेला गुडघ्यावर आणल्याशिवाय सोडायचा नाही."

"बाकीचे येतील?"

"येतील म्हणजे? मागच्या बाजूच्या सगळ्या फ्लॅटांच्या सह्या मी आणतो. आपण कृती समिती काढू."

नाव त्याचंच. सह्या त्यानं खरोखरच आणल्या. वरच्या आरवाड्यांच्या, कडेच्या केटकाळ्यांच्या, सगळ्यांच्या. तक्रारीत पहिलं नाव माझं, कारण माझं मराठी चांगलं. समितीच्या बैठका शशीच्या दिवाणखान्यात व्हायच्या. दिवाणखाना रस्त्याच्या बाजूला होता; रहदारीत तिथे झोप लागली नसती, पण बँड पोचत नव्हता, त्यामुळे शेडबाळ्यांविरुद्ध शांतपणे बोलता यायचं.

पुरावा गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा नुकताच मी नवा फोन घेतला होता आणि त्यात आवाज मोजायची सोय होती. बँड सुरू झाला की मी बेडरूममध्ये जाऊन आकडा घ्यायचो. खिडकी बंद ठेवून आकडा तितकासा भरायचा नाही, म्हणून उघडून घ्यायचो. पद्मजा आत झोपलेली असायची. म्हणजे आडवी असायची.

"झोप लागली का?" मी विचारायचो.

"लागत होती."

"लागत होती आणि मोडली, की लागलीच नाही?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं ना."

लग्नसराईत मी रजा टाकून घरी थांबायला लागलो. दर अर्ध्या तासानं आकडा. शशी म्हणायचा, मास्तर, तुझ्यासारखे चार निघाले तर देश सुधारेल.

हिवाळा संपत आला तसा एक बदल दिसायला लागला. पद्मजाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. जेवताना ती आयसीयूतल्या गमती सांगायला लागली. एकदा तर भाकरी थापताना गुणगुणत होती. मेट्रनचं नाव पुन्हा निघालं नाही.

"तुम्ही रजा नका टाकत जाऊ आता," ती म्हणाली. "कॉलेजात जा. मला चालतंय."

"आवाज कमी झालाय ना?"

"मला चालतंय," ती पुन्हा म्हणाली.

बँड मला तेवढाच मोठा वाटत होता. पण सुट्टीच्या दिवशी घरी असलो तर पद्मजा म्हणायची, शशीभाऊजींच्या उज्ज्वलाबरोबर बाजारात जाऊन येते, आणि संध्याकाळी टवटवीत होऊन परत यायची. सांगलीच्या बाजारात माणूस टवटवीत होतो हे मला नवीन होतं. स्टाफरूममध्ये मी सांगितलं की जागरूक नागरिकानं सातत्य ठेवलं तर यंत्रणा हलते. दोन सहकाऱ्यांनी माझ्याकडून अर्जाचा नमुनाही मागून घेतला.

समितीच्या बैठकांना मात्र लोक कमी येऊ लागले. आरवाडे येऊन घड्याळ बघत. केटकाळे येईनासेच झाले. एकटा शशी हटला नाही. "हे गळपटले तरी आपण दोघं आहोत," तो म्हणायचा. आणि उज्ज्वलावहिनी माझ्यापुढे थालीपीठ ठेवायच्या. समिती जसजशी आटत गेली तसतसं थालीपीठ सुधारत गेलं. शेवटी शेवटी त्यावर लोण्याचा गोळा येऊ लागला.

अखेर प्रांताधिकाऱ्यांसमोर सुनावणीची तारीख लागली. दुपारी तीनची. मी आणि शशीनं दीड वाजता निघायचं असं ठरलं. त्या दिवशी दाट मुहूर्त होता. मी कॉलेजातून परस्पर आलो तेव्हा मागे बँड ऐन भरात होता. पद्मजा वर पडली असेल, तिला उगाच उठवायला नको, म्हणून घरी न जाता मी थेट शशीच्या दाराची बेल वाजवली.

उज्ज्वलावहिनींनी दार उघडलं. पूर्ण नाही, स्वतःपुरतं.

"वहिनी, शशी तयार आहे ना?"

"हे होय... हे अंघोळीला गेलेत, भाऊजी."

"आत्ता दुपारी?"

"हळदीचा धंदा. अंगाला लागते."

तेवढ्यात आतून शशी आला. कोरडा होता. हातात केळं होतं.

"अरे मास्तर! इतक्यात आलास?" तो कुजबुजला.

"गाडी बाहेर काढतोस ना?"

"बस की. हळू बोल."

"का, काय झालं?"

"नाही, असंच. हळू बोललेलं बरं."

वहिनींच्या माहेरचं कुणी आजारी असेल, कुणी आलं असेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि गेलं. मला वेगळीच घाई होती. "निघायच्या आत तुझ्या बेडरूममधून एकदा चित्रण करून घेतो," मी फोन काढत म्हणालो. "वरात, बँड, सगळं. प्रांतांना चालू ऐकवतो. तुझा मजला जवळचा आहे, दणका बसेल."

"तिथे नको," शशी म्हणाला.

"पसारा पडलाय, भाऊजी," वहिनी बेडरूमच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शांत स्वभावाची बाई. मी त्यांना दार अडवून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मी पसारा बघायला आलोय का, वहिनी?" मी हसून त्यांच्या कडेनं हात घातला आणि दार ढकललं.

आत घड्याळाचं टिकटिक ऐकू येत होतं.

मी आधी तेच ऐकत उभा राहिलो. घड्याळ, आणि त्याखाली पंखा. मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकी नवी होती. पांढरी, जाड चौकटीची. तिच्यातून शेडबाळ्यांचं आवार स्वच्छ दिसत होतं. क्लॅरिनेटवाल्याचे गाल फुगले होते. ढोलवाला घामानं निथळत होता. नवरदेवाचे मित्र हात वर करून उड्या मारत होते, एक जण तर भिंतीवर चढून तोंडात बोटं घालून शिट्टी मारत होता. आणि त्यातलं काहीही खोलीत येत नव्हतं. फोनवर आकडा आला तो वाचनालयाचा असावा तसा होता.

मग मी पलंगाकडे पाहिलं.

पलंगावर पद्मजा झोपली होती. अंगावर वहिनींची गोधडी. तोंड थोडं उघडं, एक पाऊल गोधडीबाहेर. श्वास इतका संथ की मला दोन पावलं पुढे जाऊन बघावं लागलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण तिला इतकं गाढ झोपलेलं मी पूर्वी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

"हे काय आहे?" मी विचारलं. मीही कुजबुजलोच.

माणूस पकडला गेला की काय करेल सांगता येत नाही. शशी मला खिडकी दाखवायला लागला.

"दोन काचा आहेत बघ. एक जाड, एक पातळ, मुद्दाम वेगवेगळ्या. चारही बाजूंनी रबर. सरकत्या खिडकीचं कसं असतं, जिथनं वारा येतो तिथनं आवाज येतो. ही कशी, हा खटका असा खाली घेतला की..."

त्यानं खटका वर घेतला. अख्खा बँड एकदम खोलीत घुसला. पद्मजानं कूस बदलली. वहिनींनी शशीच्या दंडावर फटका मारला आणि स्वतःच खिडकी लावून घेतली. बँड गेला.

"कळतं का काही?" त्या दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या. "माणूस झोपलंय."

"कुणी बसवून दिली?" मी विचारलं.

शशीनं केळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"शेडबाळेनं?"

"मी त्याला हो म्हटलेलं नाही, मास्तर. आईशपथ. मी नाही म्हणायच्या आत त्याचा माणूस टेप लावून मोजायला लागला."

"आणि त्याच्या बदल्यात?"

"काही नाही रे. तक्रार नाही म्हणून सांगायचं, एवढंच."

"आरवाडे?"

"त्यांना आमच्या आधी."

"केटकाळे?"

"त्यांनी तर बाथरूमलासुद्धा मागून घेतली."

"म्हणजे तक्रारीत मी एकटाच उरलोय."

"पहिलं नाव तुझंच होतं की रे."

"कधीपासून?"

"दिवाळी झाली आणि... जाऊ दे ना आता."

"मग या बैठका? परवा बैठक घेतलीस. गुडघ्यावर आणतो म्हणालास. टेबलावर हात आपटलास, शशी."

वहिनींनी उत्तर दिलं. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, भाऊजी. हे म्हणाले, मास्तरांचं मन रमतंय त्यात."

"आणि आज तीन वाजता तू काय सांगणार होतास?"

"मी येणारच नव्हतो," शशी म्हणाला. "पोट बिघडलंय म्हणणार होतो. म्हणून तर केळं..."

तो वाक्य अर्धं सोडून बाहेर गेला. वहिनी थोडा वेळ थांबल्या. "उठवू नका हं तिला," एवढंच म्हणाल्या आणि कोपऱ्यातलं स्टूल माझ्यासाठी पुढे सरकवून, दार लोटून घेऊन गेल्या.

मी स्टुलावर बसलो. ताबडतोब निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. खिशात किल्ली होती, हातात कागद होते. प्रांतांपुढे काय बोलायचं ते आठवडाभर घोकून पाठ झालं होतं. पहिलंच वाक्य होतं, माझ्या पत्नीला गेली कित्येक वर्षं दिवसा झोप मिळालेली नाही.

खिडकीबाहेर वरात आत गेली. मांडवाच्या उघड्या बाजूनं अंतरपाट दिसत होता. लोकांनी अक्षता टाकल्या, टाळ्या वाजवल्या, बँडवाल्यांनी पुन्हा वाद्यं तोंडाला लावली. इतक्या वर्षांत शेडबाळ्यांकडचं एक लग्न मी पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. पंगती बसल्या. तीन वाजून गेले असावेत. पद्मजा एकदा झोपेत हसली. कशाला हसली कुणास ठाऊक.

ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागल्यावर तिनं डोळे उघडले. आधी वर पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दचकली नाही. आयसीयूत काम करणारी बाई, सहसा दचकत नाही.

"किती वाजले?"

"सुनावणीची वेळ गेली."

"गेला नाहीत?"

"तू झोपली होतीस."

ती उठून बसली, केस मागे घेतले, गोधडीची घडी घालायला लागली. कोपऱ्याला कोपरा लावून, दवाखान्यातली घालतात तशी.

"हे कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

"एकदा जिन्यातच डोळा लागला माझा. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. उज्ज्वलानं उठवलं आणि आत आणलं. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती." तिनं गोधडीची कड सरळ केली. "मला वाटलं मी मेले. इतकं शांत होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर इथे झोपू दिलं असतं मला? शेडबाळेच्या काचेमागे?"

मी खिडकीच्या खटक्याकडे पाहिलं.

"त्यांचा माणूस आपल्याकडेही आला होता," ती म्हणाली. "तुम्ही कॉलेजात होतात. टेप घेऊनच आला होता."

"मग?"

"परत पाठवला. आपल्या घराला ती काच लागली असती तर तुमची तक्रार संपली असती. मग तुम्ही काय केलं असतं?"

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला..." मला शब्द सापडेना. सर्वांत राग त्याचा आला. "मी हे सगळं तुझ्यासाठी करत होतो, पद्मा."

"हो," ती म्हणाली. "दर अर्ध्या तासानं."

गोधडी पायथ्याशी ठेवून ती बाहेर गेली. बाहेर वहिनींनी तिच्यासाठी चहा ठेवलेला होता. दोन कप होते. तिसरा नंतर घाईघाईनं काढलेला ऐकू आला.

तक्रारदार गैरहजर म्हणून आमचं प्रकरण निकालात निघालं. शशी चारसहा दिवस जिन्यात भेटायचा टाळत होता, मग भेटायला लागला. मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण भांडणात तो हळू आवाजात बोलायला शिकला होता आणि तशा माणसाशी भांडता येत नाही.

महिन्याभरात मी स्वतः खिडकी बसवून घेतली. माझ्या पैशानं. बिरनाळ्यांच्या खिडकीपेक्षा चांगली, दोन्ही काचा जाड, मधली पोकळी रुंद, आणि दाराखालच्या फटीलासुद्धा रबर. बसवणारा निघून गेल्यावर मी खटका खाली घेतला. मागचं कार्यालय पुसून टाकल्यासारखं गेलं. पद्मजानं काचेवरून हात फिरवला. "छान आहे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता. दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो, चपला बाहेर काढल्या आणि पाय न वाजवता बेडरूमचं दार उघडलं. आत शांतता होती. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नव्हती.

ती संध्याकाळी वर आली. चेहरा झोपून उठल्याचा होता.

"आवाज येत होता का?" मी विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"मग खिडकीत काही कमी राहिलंय?"

"नाही हो. खिडकी उत्तम आहे."

"मग?"

तिनं चहाचं आधण ठेवलं, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

"मला तिथे झोप लागते," ती म्हणाली.

अगदी हळुवार म्हणाली. आयसीयूच्या दाराबाहेर येऊन ती पेशंटच्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात.